ओगलेवाडीची काच आणि व्हिएन्नाचा कण

कराडच्या रेल्वे स्टेशनावर उतरणारा माणूस खरं तर ओगलेवाडीत उतरतो. कराड गाव तिथून काही किलोमीटर पुढे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापाशी. स्टेशनाजवळच्या या वस्तीला ज्यांचं आडनाव चिकटलं त्या ओगले बंधूंनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे काचकारखाना काढला आणि पुढे ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर पोचवला. कारखाना केव्हाच थंड झाला. जुन्या घरांच्या माळ्यावर एखादा प्रभाकर अजून निघतो, पण त्याची काच शाबूत असेलच असं नाही.

कंदिलाची काच हे जोखमीचं काम होतं. आतून ज्योतीचा ताव, बाहेरून पावसाचे शिंतोडे; तडकली की गिऱ्हाईक परदेशी मालाकडे वळलंच. वाळूत लोहाचा अंश जरा वाढला की काच हिरवट दिसू लागते. म्हणून काच बनवणाऱ्याला वाळू पारखावी लागे, भट्टी सांभाळावी लागे, आणि काच निवताना घाई करून चालत नसे. काचेत लोह किती, ती ताप कसा सोसते, तिच्याभोवतीची हवा काय करते, हेच प्रश्न आज व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्रयोगशाळांमध्ये पुन्हा विचारले जात आहेत. फक्त तिथला काचेचा ऐवज 143 नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे कण ओळीनं मांडले तर एका मिलिमीटरमध्ये सात हजार मावतील.

हा कण लेसरच्या झोतात अधांतरी धरायचा. भोवतालची हवा काढून टाकायची. मग प्रकाशाच्याच मदतीनं त्याची थरथर इतकी कमी करायची, की याहून कमी होणं निसर्गालाच मंजूर नाही. आणि त्यानंतर बघायचं, की अणू आणि इलेक्ट्रॉन ज्या क्वांटमच्या नियमांनी वागतात ते नियम दहा कोटी अणूंचा हा काचेचा गोळा पाळतो का.

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात हा प्रयोग होत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरीही पुणे-मिरज लोहमार्गावरची ही स्टेशनं मला या विषयाशी फार जवळची वाटतात. क्वांटमवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात मांजर, माया आणि अद्वैत यांची गर्दी असते. या प्रयोगाचा जीव मात्र कारागिरीत आहे: शुद्ध काच, चांगला पंप, आणि कंपांचा हिशेब. तिन्ही गोष्टींचा या भागाला पूर्वानुभव आहे.

प्रकाशाचा चिमटा

प्रकाश वस्तूला ढकलतो ही कल्पना जुनी आहे. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून दूर का वळते, असा प्रश्न केप्लरलाही पडला होता. पण हा धक्का इतका नगण्य, की त्याचा काही उपयोग होईल असं लेसर येईपर्यंत कोणाला वाटलं नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर अॅश्किन यांनी 1970 साली पाण्यातले सूक्ष्म मणी लेसरनं ढकलून आणि धरून दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि जोसेफ झीड्झिक यांनी सुमारे 20 मायक्रॉनची काचेची गोळी खालून सोडलेल्या झोतावर हवेत तरंगत ठेवली. 1986 मध्ये एकाच झोताला भिंगानं आवळून केलेला चिमटा आला. जीवशास्त्रज्ञांनी तो उचलला आणि जिवाणू, पेशी, डीएनएचे धागे त्यात धरून तपासले. अॅश्किन यांना नोबेल मिळालं ते 2018 साली, वयाच्या 96 व्या वर्षी.

चिमट्याचं तत्त्व सोपं आहे. झोत भिंगातून आवळला की एका बिंदूपाशी तो सर्वांत प्रखर होतो. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे काचेच्या कणातले प्रभार किंचित सरकतात आणि कण प्रखर जागेकडे ओढला जातो. त्या बिंदूपासून ढळला की परत ओढ, पुन्हा ढळला की पुन्हा ओढ. म्हणजे कण स्वस्थ बसत नाही, हेलकावे घेत राहतो, एका सेकंदात लाख-दोन लाख वेळा किंवा त्याहूनही जास्त. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी टपल्या मारत असतात. खोलीच्या तापमानाला हे हेलकावे वीसेक नॅनोमीटरचे असतात.

आता ‘थंड करणं’ म्हणजे काय, ते नीट पाहायला हवं, कारण इथे घोटाळा हमखास होतो. इथे फ्रीजसारखं काही नाही. कणातले अणू आपापसांत कितीही थरथरोत, त्याकडे प्रयोगकर्ता लक्ष देत नाही. लेसरचा थोडा प्रकाश काच शोषते, त्यामुळे कण आतून खोलीइतका किंवा खोलीहून जास्तच तापलेला असतो. थंड होतं ते त्याचं अख्खं हलणं. कण गरम आणि त्याची हालचाल थंड, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

नागपंचमीला उभ्यानं झोका चढवणाऱ्या पोरी पाहिल्या असतील, तर ही हालचाल कशी उतरवतात ते चटकन कळेल. झोका टोकाला गेला की पोरगी गुडघ्यात वाकते, मध्यावर आला की ताठ होते. एका फेरीत दोनदा. झोका चढत जातो. हेच तिनं उलट्या वेळी केलं, मध्यावर वाकली आणि टोकाला ताठ झाली, तर झोका उतरेल. बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेत यान गीझेलर, लुकास नोव्होत्नी आणि सहकाऱ्यांनी 2012 साली नेमकं हेच केलं. कण मध्यापासून दूर निघाला की झोत किंचित प्रखर करायचा, परत येऊ लागला की किंचित मंद. कणाची जागा त्याच्यावरून विखुरलेल्या प्रकाशातूनच वाचायची. तिन्ही दिशांची हालचाल अशी उतरवून त्यांनी ती सुमारे 50 मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या विसाव्या भागापर्यंत आणली.

दोन कोटींपासून अर्ध्याच्या खाली

क्वांटम सिद्धांत सांगतो की हेलकाव्यांची ऊर्जा सुटी, ठरावीक नाण्यांत मोजली जाते. सेकंदाला 3 लाख 5 हजार हेलकावे घेणाऱ्या कणाच्या खिशात खोलीच्या तापमानाला अशी जवळपास 2 कोटी नाणी असतात. एवढ्या संपत्तीत एखादं नाणं इकडचं तिकडे झालं तर पत्ता लागत नाही. म्हणूनच रोजच्या जगात क्वांटम दिसत नाही. खिसा रिकामा झाला की उरते ती तळची अवस्था. तिथेही कण पूर्ण थांबत नाही, कारण जागा आणि वेग दोन्ही एकदम नक्की असणं हायझेनबर्गच्या नियमाला मान्य नाही. उरलेली थरथर या कणासाठी 3 पिकोमीटरच्या आसपास असते, एका अणूच्या रुंदीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी.

तिथवर पोचायला झोतात नुसता चढउतार करून भागलं नाही. व्हिएन्ना विद्यापीठातल्या मार्कुस आस्पेलमेयर यांच्या गटानं, उरोश देलिच यांच्या पुढाकारानं, दुसरी वाट धरली. एकमेकांसमोर सेंटिमीटरभर अंतरावर दोन अत्यंत गुळगुळीत आरसे ठेवले आणि त्यांच्या मधोमध चिमट्यात धरलेला कण. अशा आरशांच्या जोडीत ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश टिकतो. चिमट्याच्या लेसरची वारंवारता त्याहून अगदी थोडी कमी ठेवली, कणाच्या एका हेलकाव्याच्या नाण्याएवढीच कमी. आता कणावर आपटून आरशांमध्ये शिरू पाहणाऱ्या फोटॉनला तेवढी ऊर्जा कमी पडते. ती तो कणाच्या हालचालीतून उचलतो आणि निघून जातो. फोटॉनमागून फोटॉन येत राहतो, एकेक नाणं नेत राहतो.

विखुरताना प्रकाश पदार्थाकडून ऊर्जा घेऊन जास्त वारंवारतेनं बाहेर पडू शकतो, हे आपल्याकडे 28 फेब्रुवारीला दर वर्षी साजरं होतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 साली द्रवांत पाहिलेल्या वर्णपटात अशा रेषा होत्या. फरक इतकाच, की तिथे ऊर्जा एकेका रेणूच्या कंपनातून येत होती आणि इथे अख्ख्या काचकणाच्या डोलण्यातून. विज्ञान दिनाच्या भाषणांत रामन यांचा फेटा आणि समुद्राचा निळा रंग येतो. ही गोष्ट आली तर पोरांना अधिक काही मिळेल.

2020 च्या आरंभी ‘सायन्स’मध्ये निकाल आला: सरासरी 0.43 नाणं शिल्लक, तापमान 12 मायक्रोकेल्विन. हा कण बहुतेक वेळ तळच्या अवस्थेत सापडत होता, तोही खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या उपकरणात. पुढच्या वर्षी व्हिएन्ना आणि झुरिक इथल्या दोन गटांनी आरशांची जोडी वगळून तिथवर मजल मारली. कणाची जागा सतत मोजायची, संगणकानं त्याची पुढची चाल ताडायची, आणि प्रभारित कणाला विद्युतक्षेत्रानं उलटा धक्का द्यायचा. त्यानंतर झुरिकच्या ईटीएचमध्ये, टोकियोत आणि इतरत्र काम वेगानं पुढे गेलं. 2025 मध्ये टोकियोच्या गटानं अशा कणाच्या वेगातली अनिश्चितता तळच्या अवस्थेच्याही खाली दाबून दाखवली. अर्थात त्याच्या बदल्यात जागेतली अनिश्चितता वाढते. नियम मोडत नाही.

काच, हवा, पंप

कण येतो कुठून? सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला याचं उत्तर युरोपात शोधावं लागणार नाही. शिवाजी विद्यापीठ आणि त्याच्या परिसरातल्या महाविद्यालयांत नॅनोपदार्थ आणि पातळ थर यांवर दोन-तीन पिढ्या काम झालं आहे, बहुतेक सगळं रासायनिक पद्धतीनं, बीकरमध्ये, कमी खर्चात. सिलिकाचे एकसारखे गोल कण करायची कृती वेर्नर स्टोबर यांनी 1968 साली दिली: अल्कोहोल, पाणी, अमोनिया आणि सिलिकॉनचं एक सेंद्रिय संयुग. ही कृती आपल्या प्रयोगशाळांत नित्याची आहे. कण अल्कोहोलमध्ये पुरेसे विरळ करायचे आणि चिमट्याकडे फवारायचे. फवारायला अनेक प्रयोगशाळा दम्याच्या पेशंटला देतात तो नेब्युलायझरच वापरतात. एखादा थेंब वाळतो, त्यातला एकुलता कण झोतात सापडतो.

इथे ओगल्यांची वाळू पुन्हा आठवते. काचेला हिरवी छटा देणारं लोह एक मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश चांगलाच शोषतं, आणि व्हिएन्नाचा लेसर 1,064 नॅनोमीटरचा होता. हवेत असताना शोषलेला ताप हवा घेऊन जाते. निर्वातात ती सोय नाही. अशुद्ध काचेचा कण निर्वातात तापत जातो, बेढब होतो, वितळतो किंवा चिमट्यातून निसटतो. कंदिलाची काच कितीही पारदर्शक दिसो, या कामाला ती चालली नसती. हवी ती जवळजवळ निखळ सिलिका.

मग हवा. व्हिएन्नात दाब वातावरणाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास होता आणि तेवढंही पुरेसं नव्हतं, कारण उरलेला प्रत्येक रेणू कणाला धडकून एखादं नाणं परत खिशात टाकू शकतो. निर्वाताचं यंत्र म्हणजे पंप, आणि पंप म्हटलं की कराडहून सांगलीकडे जाताना लागणारं किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना आणला, आधी नांगर, पुढे पाण्याचे पंप. पाणी ओढणारा पंप आणि रेणू हाकलणारा टर्बो पंप यांत तंत्राचं अंतर मोठं आहे. टर्बोची पाती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतात, आणि बेअरिंगचा तोल राईएवढा गेला तरी यंत्र संपतं. पण पाती, बेअरिंग, तोल, सील ही भाषा पलूसच्या फिटरला परकी नाही. मला तर असं वाटतं, की या प्रयोगाची माहिती विद्यापीठाच्या सभागृहाआधी एखाद्या औद्योगिक वसाहतीत सांगितली, तर प्रश्न जास्त नेमके येतील.

जमीन हलते तेव्हा

ओगलेवाडीला लागूनच हजारमाची आहे. तिथे केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेनं जो हादरा दिला तो जिल्हा विसरलेला नाही, आणि धरणाच्या जलाशयाभोवती लहानमोठे धक्के तेव्हापासून चालूच आहेत. या प्रयोगशाळेनं कोयना परिसरात गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विंधनविहीर घेतली. जमिनीच्या पोटात ताण कसा साठतो ते थेट खडकात जाऊन पाहायचं, हा हेतू.

तरंगत्या कणाचं आणि या कामाचं नातं कंपांचं आहे. कणाला धागा नाही, टेकू नाही, त्यामुळे त्याला बसणारा बारीकसा धक्काही त्याच्या हेलकाव्यात उमटतो. अशा कणांपासून त्वरणमापक आणि गुरुत्वमापक बनवायचे प्रयत्न चालू आहेत. या मापनाची सूक्ष्मता कुठवर जाते? येल विद्यापीठात 2024 मध्ये तरंगत्या सिलिकाच्या गोळीत रुतलेलं एकेक अणुकेंद्रक फुटलं तेव्हा गोळीला बसलेला झटका मोजला गेला. एका केंद्रकाच्या झटक्यानं अब्जावधी अणूंची गोळी हलली आणि ते दिसलं! उद्या खडकातल्या ताणासाठी असं यंत्र कोणी वापरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. भूकंपाचं भाकीत वगैरे स्वप्नं तर दूरच ठेवावीत. कोयनेच्या माणसांना अशा बातम्यांनी पुष्कळ फसवलं आहे.

याच तंत्राचं भव्य रूप मराठवाड्यात येऊ घातलं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयुकाचा तिच्यात मोठा सहभाग आहे. तिचंच भावंड असलेल्या अमेरिकेतल्या लायगोत 40-40 किलोचे चार आरसे टांगलेले आहेत. 2021 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी लेसरनं आरशांची एकत्रित हालचाल मोजली, उलट धक्क्यानं तिला आवर घातला आणि ती 77 नॅनोकेल्विनपर्यंत उतरवली. हिशेबानं ही हलणारी वस्तू 10 किलोची. सरासरी 10.8 नाणी उरली होती, म्हणजे तळ अजून थोडा खाली होता. व्हिएन्नाचा कण आणि लायगोचे आरसे यांत आकाराचं कसलंच साम्य नाही, पण लेसर दोन्हीकडे 1,064 नॅनोमीटरचाच.

किती मोठं चालेल?

क्वांटमची हद्द कुठे आहे, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी जातो हे सिद्ध झालं, अणू जातो हे सिद्ध झालं. व्हिएन्नातच 1999 साली साठ कार्बन अणूंचा रेणू जातो हे दिसलं, आणि 2019 मध्ये सुमारे दोन हजार अणूंचा रेणू. 2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, तेही हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलात क्वांटमचं वागणं दाखवल्याबद्दल. दहा कोटी अणूंचा काचकण या रांगेतला पुढचा उमेदवार.

तळच्या अवस्थेत पोचणं म्हणजे दोन जागी असणं नव्हे. तो कण तिथे पोचला तरी त्याचा पसारा काही पिकोमीटरच असतो. पुढची पायरी कठीण आहे: चिमटा सैल करून किंवा क्षणभर सोडून हा पसारा कणाच्या आकाराएवढा होऊ द्यायचा, आणि तोवर एकाही रेणूनं, एकाही विखुरलेल्या फोटॉननं त्याचा ठावठिकाणा बाहेर फोडायचा नाही. ज्या प्रकाशानं कण थंड केला तोच आता चुगलखोर ठरतो. म्हणून चुंबकीय किंवा विद्युत सापळ्यात, अंधारात, अतिशीत निर्वातात, आणि पुढेमागे अंतराळात हा प्रयोग करायचे आराखडे आहेत.

यातूनच एक धाडसी प्रस्ताव 2017 मध्ये आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सौगत बोस आणि सहकारी, तसंच वेगळ्या वाटेनं कियारा मार्लेत्तो आणि व्ल्हात्को व्हेद्राल यांनी सुचवलं, की दोन कण प्रत्येकी दोन जागी ठेवा आणि त्यांच्यात फक्त गुरुत्वाकर्षण राहू द्या. त्यानं जर त्यांची नशिबं क्वांटम पद्धतीनं एकमेकांत गुंतली, तर गुरुत्वाकर्षण स्वतः क्वांटम आहे असं म्हणावं लागेल. त्यासाठी व्हिएन्नाच्या कणापेक्षा हजारो पट जड कण लागतील. एवढे जड कण असे दोन जागी ठेवणं आज कोणालाच जमलेलं नाही. मला हा प्रस्ताव स्ट्रिंग सिद्धांताच्या सगळ्या पुस्तकांहून जास्त भावतो, कारण तो टेबलावर ठेवून तपासता येईल.

कुणी करायचं

राष्ट्रीय क्वांटम मिशन 2023 मध्ये 6,003.65 कोटी रुपयांचं ठरलं. क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईला आलं. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब आहे, आणि तिथे अतिशीत अणूंवरही काम चालतं. कोरोनाच्या टाळेबंदीत ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या अमृता गाडगे यांनी घराच्या दिवाणखान्यातून संगणकावरून प्रयोगशाळा चालवून अतिशीत अणूंचं बोस-आइन्स्टाइन संघनित तयार केलं, ही बातमी 2020 मध्ये गाजली होती. म्हणजे पुणे-मुंबईच्या यंत्रावर साताऱ्यातून बसून काम होऊ शकतं, यंत्राची वेळ मिळाली तर.

या भागात शिक्षण आणि कारखाना यांचं जुनं मेतकूट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगल्यांच्या, किर्लोस्करांच्या आणि साताऱ्याच्या कूपरांच्या कारखान्यांसाठी काम केलं. माल घेऊन गावोगाव हिंडताना त्यांनी शिक्षणाशिवाय राहिलेली खेडी पाहिली. 1919 मध्ये कराडजवळच्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालं. आज या भागातल्या महाविद्यालयांतून भौतिकशास्त्राचे पदवीधर शेकड्यांनी निघतात. त्यांतल्या बहुतेकांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला लेसर पाहिलेला असतो, पण तो विवर्तनाचे पट्टे मोजण्यापुरता.

त्यांच्यासाठी लाखांचं यंत्र लागणार नाही अशी एक सुरुवात आहे. वोल्फगांग पॉल यांना 1989 चं नोबेल ज्या विद्युत सापळ्याबद्दल मिळालं, त्याच्या साध्या रूपात 1959 मध्येच अॅल्युमिनियमची प्रभारित धूळ अधांतरी धरून दाखवली गेली होती. तोच सापळा आज नॅनोकणांच्या प्रयोगशाळांत पुन्हा कामाला लागला आहे. एक धातूचं कडं, वरखाली दोन टोकं, उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर आणि आपल्या घरातली 50 हर्ट्झची वीज, एवढ्यावर लायकोपोडियमच्या बीजाणूंची पूड हवेत तरंगते आणि साध्या लेसर पॉइंटरच्या प्रकाशात डोळ्यांना दिसते. व्होल्टेज हजारांत असतं, त्यामुळे काम शिक्षकाच्या देखरेखीतच व्हायला हवं. सुरक्षेची पेटी, अर्थिंग, मर्यादित प्रवाह हे आधी, कण नंतर. पुढच्या पायरीला मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कणाचे हेलकावे टिपायचे, मग त्या नोंदीवरून उलटा विद्युत धक्का देऊन ते कमी करता येतात का ते पाहायचं. तळची अवस्था त्यापासून अतोनात दूर असेल, पण मोजणं, ताडणं आणि उलट ढकलणं हा क्रम व्हिएन्ना आणि झुरिकच्या कणाला लावला तोच आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रकल्पाला श्रेयांक असतात. त्यात हे बसतं. कडं वळवायला लेथ लागेल, आणि ती पलूस, कराड, मिरज इथल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये आहे.